मव्हा की माझा?

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, "बोलीचे शुद्धलेखन म्हणजे काय बुवा? जी भाषा मुळातच अशुद्ध, तिला शुद्धलेखन कुठले?" प्रश्न चेष्टेने विचारलेला होता. आम्हीही हसलो. पण घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा वाटले की या एका चेष्टेत दीडदोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो सांगितल्याखेरीज आमच्या स्नेह्यांना उत्तर देता यायचे नाही.

प्रारंभ आमच्या गावापासून करतो. धावडा हे भोकरदन तालुक्यातले गाव. झाडाच्या नावाशी जुळणारे हे नाव. ज्या धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत घालतात आणि ज्याच्या लाकडाचा कुऱ्हाडीला दांडा होतो, ते हे झाड. गावाच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर, त्या डोंगरापलीकडे खानदेश. पूर्वेला थोडे गेले की बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. आम्ही स्वतः मराठवाड्यातले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. तोपर्यंत हा सारा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता. तीन प्रांत जिथे एकमेकांच्या बांधाला बांध लावून बसले आहेत, तिथे भाषाही बांधावरून इकडेतिकडे उतरतात. आठवडी बाजारात एका ओट्यावर तिघे बसले, तर एक म्हणतो 'मव्हा बैल', दुसरा म्हणतो 'माहा बैल' आणि डोंगरापलीकडचा तिसरा म्हणतो 'मना बैल'. बैल तिघांचे तीन. पण पुस्तकात तिघांनाही 'माझा बैल' असेच लिहावे लागते.

लहानपणची एक गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा शाळेत पाचवी-सहावीत असू. गल्लीत एक म्हातारी राहत असे. तिला आम्ही सगळी मुले 'माय' म्हणत असू. तिचा मुलगा भुसावळकडे कामाला गेला होता. त्याला पत्र लिहायचे, तर ती आम्हांला बोलवी, हातावर गुळाचा खडा ठेवी आणि सांगे तसे पोस्टकार्डावर लिहवून घेई. त्याच सुमारास शाळेत आम्हांला एक धडा मिळाला होता. निबंधात आम्ही 'विहीर' ऐवजी 'इहीर' आणि 'वेळ' ऐवजी 'येळ' लिहिले, म्हणून गुरुजींनी वही साऱ्या वर्गापुढे वाचून दाखवली होती. वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी इहीरच होती, ही गोष्ट निराळी. त्या हसण्याचा आम्ही असा धसका घेतला की पुढचे पत्र लिहिताना मायने सांगितलेले एकूणएक वाक्य शुद्ध करून टाकले. तिने सांगितले, 'मव्हा जीव तुह्यात गुतलाय'. आम्ही लिहिले, 'माझे मन तुझ्यात गुंतले आहे.' ती म्हणाली, 'येळ काढून ये'. आम्ही लिहिले, 'सवड काढून यावे.' मग रिवाजाप्रमाणे पत्र तिला वाचून दाखवले. म्हातारी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लेकरा, हे मव्हं बोलनं न्हाई. हे तर मास्तरचं बोलनं हाये. त्याला वाटंल, माय मेली अन् मास्तरनं चिठ्ठी धाडली."

त्या पत्राचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. तूर्त एवढेच, की तिचा आक्षेप खोटा आहे असे आम्हांला तेव्हाही म्हणता आले नाही आणि आजही म्हणता येत नाही.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. शुद्ध भाषा म्हणजे लिहिल्याप्रमाणे बोललेली आणि बोलल्याप्रमाणे लिहिलेली, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती जरा तपासून पाहा. आपण 'घर' असे लिहितो. पण शेवटच्या र मधला अ कोणी उच्चारीत नाही. 'चार' मधला च निराळा आणि 'चाक' मधला निराळा. लिहिताना दोघांना एकच अक्षर. 'ज्ञान' लिहितो आणि 'द्न्यान' म्हणतो. 'सिंह' लिहितो, आणि वाचताना मध्ये एक व कुठून येतो ते कोणी विचारीत नाही. 'संयम' चा उच्चार सभागृहातल्या विद्वानांनी स्वतःशीच एकदा करून पाहावा. म्हणजे पुण्याच्या पेठेत राहणारा गृहस्थ आणि धावड्याचा शेतकरी दोघेही लिहितात एक आणि बोलतात दुसरे. फरक इतकाच, की पहिल्याचे बोलणे आपण त्याच्या वतीने गुपचूप दुरुस्त करून लिहितो आणि दुसऱ्याचे बोलणे लिहायची वेळ आली, की एकेक अक्षर कानाशी धरून तपासतो. कोणाचा उच्चार अक्षरांत दाखवायचा आणि कोणाचा झाकायचा, हा निवडीचा प्रश्न आहे; आणि जिथे निवड आली तिथे इतिहास आला.

हे व्याख्यानच घ्या. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून आपल्याकडे उन्हाळा आला की गावोगाव ही ज्ञानसत्रे भरतात. व्याख्याता व्यासपीठावरून 'म्हटलं', 'केलं', 'राह्यलं' असे बोलतो; आणि तेच भाषण पुस्तकात येते तेव्हा 'म्हटले', 'केले', 'राहिले' असे इस्त्री करून येते. आमच्याही या भाषणाला इस्त्री होणार, यात शंका नाही.

उच्चार अक्षरांतून डोकावण्याची ही गोष्ट फार जुनी आहे. आमच्या तालुक्याचे ठिकाण भोकरदन. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झाले आणि सातवाहनकाळातले भरभराटीचे नगर उजेडात आले. तिथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून अभ्यासकांना इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण झाली. हे नगर इतके नांदते होते, की सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांतही इथले लोक होते. त्यांची नावे तिथल्या दगडावर कोरलेली आहेत, आणि गावाचे नाव 'भोगवढन' असे आहे. 'वर्धन' चे 'वढन'. दान देणाऱ्याच्या तोंडी जो उच्चार होता तो कोरणाऱ्याने दगडावर उतरवला, संस्कृत रूपाची वाट पाहिली नाही. त्या काळी कोणी त्याला वर्गापुढे उभे करून हसले असेल असे वाटत नाही. मौज अशी की आजच्या 'भोकरदन' मध्ये तो हरवलेला र पुन्हा हजर आहे. 'भोगवढन' या रूपापासून सरळ उतरले असते तर हा र यायला नको होता. म्हणजे लोकांच्या तोंडी बदलणारे एक रूप आणि जाणत्यांनी जपलेले दुसरे रूप, असे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले असावेत आणि पुढे एकमेकांत मिसळले असावेत. ग चा क झाला, ध चा द झाला, व गळून गेला. तहसील कचेरीच्या पाटीवर आज जे नाव आपण शुद्ध म्हणून वाचतो, ते अशा उच्चारांच्या पडझडीतून उभे राहिलेले नाव आहे.

यादवकाळात महानुभावांनी जे केले ते तर आमच्या मते मराठी गद्याचे मोठे भाग्य. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले त्याच्याकडे जाऊन विचारायचे, एकाचे दुसऱ्याशी ताडून पाहायचे, अशी त्यांची रीत. 'लीळाचरित्रा'त गवळी, ब्राह्मण, म्हाताऱ्या बाया, चोर असे सगळे भेटतात. मूळ पोथी पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आणि एकाला एक पाठ आठवला, दुसऱ्याला दुसरा, तर दोन्ही नोंदून ठेवले. माणूस कसा बोलला हे ते विसरू इच्छीत नव्हते.

मोडी लिपीची गोष्टही इथे सांगण्याजोगी आहे. शतकानुशतके आपला हिशेब, आपली पत्रे, आपले निवाडे मोडीत लिहिले गेले. मोडीत इकार-उकाराच्या ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. ज्या चुकीसाठी आमच्या पिढीच्या पोरांनी छड्या खाल्ल्या, ती चूक पेशव्यांच्या दफ्तरातल्या भल्याभल्या कारकुनांनी रोज केलेली आहे. किंबहुना चूक करायला लिपीने त्यांना जागाच ठेवली नव्हती! आणि इतिहाससंशोधकाला या जुन्या कागदांतली वेडीवाकडी रूपेच अधिक उपयोगी पडतात. नियमाप्रमाणे लिहिलेला शब्द फक्त नियम सांगतो. कानाप्रमाणे लिहिलेला शब्द त्या काळच्या माणसाचे तोंड दाखवतो.

परभाषेतून आलेल्या शब्दांचे पाहा. फारसीतला 'दफ्तर' आपण 'दप्तर' केला आणि पोराच्या पाठीला लावला. 'कुर्सी' ची 'खुर्ची' झाली, 'उस्ताद' चा 'वस्ताद' झाला, 'कागज' चा 'कागद' झाला. ही सगळी एके काळची गावठी रूपे. फारसी जाणणाऱ्या मुनशीच्या कानाला 'वस्ताद' हा शब्द तितकाच खटकला असेल, जितकी आमची 'इहीर' गुरुजींना खटकली. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचून अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. काही रुळले, बरेच रुळले नाहीत. ज्या चुकीच्या उच्चाराच्या मागे पुरेसे लोक आणि पुरेशी वर्षे उभी राहतात, तो कोशात जाऊन बसतो. 'टेसन' आणि 'हापिस' यांना अजून तेवढी वर्षे मिळालेली नाहीत, एवढेच. 'मास्तर' आणि 'बटाटा' यांना मिळाली.

मुद्दाम लपवून ठेवलेल्या शब्दांचाही एक प्रकार आहे. आपल्या बाजारपेठांत व्यापाऱ्यांची नंदभाषा म्हणून एक सांकेतिक बोली चाले. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचा नाही, यासाठी आकड्यांना निराळी नावे: केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. कोणी 'अवारू' लिहितो, कोणी 'आवारू'. कोणाचा 'उधानू' दीर्घ, कोणाचा ऱ्हस्व. जी भाषा कागदावर येऊच नये म्हणून जन्मली, तिचे शुद्धलेखन कोण ठरवणार?

असो. एकच एक शुद्ध मराठी ठरवण्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते इंग्रजी अमदानीत. छापखाना आला, सरकारी शाळा आल्या, आणि एकाच पुस्तकाच्या हजारो प्रती निघू लागल्या. मग एकाच शब्दाची चार रूपे चालेनाशी झाली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. शाळापुस्तकांच्या भाषेवर कँडीसाहेबांचा हात फिरला. मोल्सवर्थचे श्रेय आम्ही मोठे मानतो. त्याने खेड्यातल्या आणि प्रांतोप्रांतीच्या शब्दांना कोशातून हाकलले नाही, खूण करून का होईना बसायला जागा दिली. पण खूण ती खूणच. पुण्याच्या शब्दाला खूण नाही. कोकणातल्या वा रानातल्या शब्दाला आहे. ज्याला खूण नाही तो मूळ आणि ज्याला खूण आहे तो फाटा, अशी वाचणाऱ्याची समजूत तेव्हापासून पक्की होत गेली.

आता आमच्या सीमेची हकीकत. ती आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा कळीचा भाग आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि मराठवाडा निजामाकडे राहिला. नात्यागोत्याची, एका बाजाराची माणसे दोन सरकारांत वाटली गेली. पुढे ग्रियर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची प्रचंड पाहणी हाती घेतली. तिचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने सिद्ध केला. पद्धत अशी, की बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसांकडून त्यांच्या बोलीत सांगून घ्यायची आणि जशीच्या तशी लिहून काढायची. एकाच बापाची आणि दोन मुलांची ती गोष्ट कोकणीत, वऱ्हाडीत, नागपुरीत, किती तऱ्हांनी सांगितली आहे! सरकारी छापखान्यात गावठी उच्चार इतक्या आदराने क्वचितच छापले गेले असतील. वऱ्हाडी माणूस ळ च्या जागी य म्हणतो, डोळ्याला 'डोया' म्हणतो. 'मला' न म्हणता 'मले' म्हणतो. ण चा न करतो. हे सारे तिथे नोंदलेले आहे, आणि कोणी त्याला हसलेले नाही.

पण ही पाहणी निजामाच्या राज्यात झाली नाही. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद ही राज्ये तिच्या कक्षेबाहेर होती. याचा आमच्यापुरता अर्थ असा, की बांधापलीकडच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची बोली १९०५ साली छापून जगभरच्या ग्रंथालयांत गेली आणि बांधाअलीकडच्या आमच्या आज्या-पणज्यांचे बोलणे त्या दप्तरात आलेच नाही. वऱ्हाडी म्हणजे काय, हे सांगायला पंडितांपाशी नमुने होते. 'मव्हा' आणि 'तुव्हा' म्हणणाऱ्या माणसांचा नमुना नव्हता. पुढेही कित्येक वर्षे मराठीच्या बोलींची यादी करताना लोक कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी अशी नावे घेत आणि मराठवाड्यापाशी येऊन जरा अडखळत. ते का अडखळत, याचे एक कारण या सरकारी हद्दीत आहे.

निजामी अमलात १८८० च्या दशकापासून कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दू. उर्दू ही गोड भाषा आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण तिच्या लिपीत ळ नाही आणि ण ला स्वतंत्र अक्षर नाही. कचेरीच्या कागदावर 'बाळा' चा 'बाला' होई. गंमत पाहा: आमचा शेतकरी ण चा न करीत असे म्हणून त्याला अडाणी ठरवणारे जसे होते, तसे ज्या लिपीला ण लिहिताच येत नव्हता ती लिपी दरबारची होती! सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. मराठी शाळा गावोगाव निघाल्या. जी भाषा परकी म्हणून नको होती ती गेली आणि आपली भाषा आली. ती आली तेव्हा आमच्यासारख्या पोरांना कळले, की आपली भाषाही आपल्याला येत नाही. हे दुःख लहान असेल. पण ते सोसणाऱ्यांची संख्या लहान नव्हती.

बोली छापील पानावर आणण्याचा उद्योग मात्र आपल्याकडे बराच आधी सुरू झाला होता. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात कुणबी आणि त्याची बायको आपल्या घरच्या भाषेत बोलतात. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले, आणि ते छापून निघायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे! नाकारण्याची कारणे भाषेपेक्षा विचारांत अधिक होती, हे उघड आहे. पण ज्यांच्या तोंडी ते विचार होते त्यांची भाषाही त्याबरोबर कुलपात राहिली.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण याहून सुखाचे. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. लिहिता-वाचता येत नसे. जात्यावर, शेतात त्या जी गाणी म्हणत ती त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर यांनी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहिणारे होते. आईचे 'डोया' खोडून 'डोळा' करणे त्यांना अवघड नव्हते. त्या काळच्या रिवाजाला ते धरूनही झाले असते. त्यांनी तसे केले नाही. केले असते तर एक साधी अडचण पुढे आली असती: यमके मोडली असती. ज्या बोलीत ळ चा य होतो, तिथे दोन शब्द जिथे जुळतात, तिथे शुद्धलेखन आले की ते एकमेकांपासून तुटतात. बोलीचे लेखन बदलले तर फक्त वेश बदलतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यानंतर गावाकडच्या कथेची लाट आली. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ ची, 'बनगरवाडी' १९५५ ची. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची. उद्धव शेळक्यांची वऱ्हाडातली 'धग' १९६० ची. आणि मराठवाड्याच्या दक्षिणेकडील रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' १९७१ ची. सगळ्यांची नावे घेण्याचा हा प्रसंग नव्हे. या लेखकांचे कान चांगले होते. त्यांतल्या अनेकांनी निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, अशी वाटणी केली. ती सोयीची होती. तिच्यात एक भिंतही होती, हेही खरे: सांगणारा ओसरीवर आणि बोलणारे अंगणात. ज्यांनी निवेदनही बोलीत आणले त्यांनी ती भिंत पाडली. वाचकाला थोडा त्रास झाला, पण तो त्रास होण्याजोगाच होता.

या चांगल्या लेखनाबरोबर एक वाईट खोडही आली. विनोदी नाटकांत, चित्रपटांत, वर्तमानपत्रांच्या सदरांत गडी, मोलकरीण, शिपाई यांच्या तोंडी सरसकट एक ठोक गावठी भाषा घालण्याची चाल पडली. ती भाषा कोल्हापूरची नाही, जालन्याची नाही, अमरावतीची नाही. ती कुठल्याच गावाची नाही. ण चे न केले, दोनचार ठिकाणी 'व्हय जी' टाकले, की झाला शेतकरी. अशा लेखनात उच्चार ऐकण्यासाठी लिहिलेला नसतो, हसण्यासाठी लिहिलेला असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. वाक्यातल्या मालकाचा उच्चारही लेखकाने तितक्याच काटेकोरपणे टिपला आहे का, ते पाहावे. मालकही 'सांगीतलंय नं तुला' असेच म्हणत असतो. पण त्याचे 'सांगितले आहे ना तुला' होते आणि गड्याचे 'सांगतो' मात्र 'सांगतू' होते.

१९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले आणि १९६२ साली शासनाने महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम मान्य केले. १९७२ साली आणखी चार जोडून ते अठरा झाले. जुने, न उच्चारले जाणारे अनुस्वार यांनी काढून टाकले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापासून हा वाद चालला होता; तो मिटला हे फार चांगले झाले. या नियमांत एक नियम आमच्या विषयाचा आहे. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना 'असं केलं', 'मी म्हटलं' असे अनुस्वार देऊन लिहावे. एरवी 'असे केले', 'मी म्हटले' असे लिहावे. म्हणजे माणूस लिहितो तसा बोलत नाही, ही गोष्ट शासनाच्या कागदावर प्रथमच कबूल झाली. आम्हांला या नियमाचे कौतुक वाटते. पण दार उघडले ते एका माणसापुरते. 'म्हटलं' म्हणणारा आत आला. 'म्हन्लं' म्हणणारा आणि 'म्हणलं' म्हणणारा उंबऱ्यावरच राहिले. त्यांचे लेखन कसे करावे याविषयी नियम गप्प आहेत. कदाचित तेच बरे. नियम केला असता तर बोलीलाही एक पुणे मिळाले असते.

कारण अडचण खरोखरच आहे. 'मव्हा' हाच शब्द घ्या. त्यात व आणि ह एकाच श्वासात येतात. आधी कोण आणि मागून कोण हे कानाला सांगता येत नाही. कोणी 'मव्हा' लिहितो, कोणी 'मह्वा', कोणी 'माव्हा'. आमच्या बोलीचाच हा दोष आहे असे समजू नका. आपण शहाणी माणसेसुद्धा 'आह्वान' की 'आव्हान' यावर आजवर वाद घालीत आलो आहोत. उलट, मराठीने बोलीच्या गरजेसाठी काही खास सोयीही जपल्या आहेत. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक दाखवणारा तो आडवा अर्धा र पाहा. तो नसता तर 'ऱ्हायला' हा शब्द गावच्या माणसासारखा लिहिताच आला नसता.

गेल्या काही वर्षांत हवा पालटली आहे. डॉ. घाटग्यांनी १९६० च्या दशकात बोलींच्या शास्त्रशुद्ध पाहणीची मालिका सुरू केली होती; अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. ग्रियर्सनच्या नकाशावर जिथे कोरे होते तिथेही आता आवाज आहेत. आणि आमच्या गावची तरुण पोरे एकमेकांना फोनवर निरोप लिहितात ते सरळ बोलीत. त्यांना कोणी विचारीत नाही आणि ती कोणाला विचारीत नाहीत.

आता मायच्या पत्राचे राहिले. ते कार्ड तिने फाडू दिले नाही, पैसे पडले होते. शुद्ध मजकुराच्या खाली जी दोन बोटे जागा उरली होती तिथे, तिच्या आग्रहावरून, आम्ही तिचे म्हणणे तिच्या शब्दांत बारीक अक्षरांत पुन्हा लिहिले. घाईत लिहिले, त्यामुळे 'मव्हा' हा शब्द तीन वेळा आला तो तीन तऱ्हांनी आला. गुरुजींनी पाहिले असते तर तीन छड्या निश्चित होत्या. दहाबारा दिवसांनी भुसावळहून उत्तर आले. ते आम्हीच तिला वाचून दाखवले. मुलाने कोणाकडून तरी लिहवून घेतले होते, आणि मजकूर बराचसा 'कृपेकरून' आणि 'कळावे' या थाटाचा होता. पण शेवटी त्यानेही लेखनिकाच्या हातून कार्ड घेतले असावे. खाली मोठ्या, वाकड्या, वेगळ्या अक्षरांत एकच ओळ होती: 'खालचं वाचलं. माय, येतो मी पोळ्याले.'